दाताची टोपी आणि समोरचा दात

बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी येते, तेव्हा बियाणं आणि शाळेची फी यांच्या जोडीला हल्ली ‘दाताची कॅप’ हेही कारण असतं. रूट कॅनल झालं की बहुतेक वेळा दाढेवर टोपी बसवावी लागते. दवाखान्यात विचारतात, धातूची, सिरॅमिकची की झिरकोनियाची? आपण दोनच गोष्टी विचारतो, पैसे किती आणि टिकेल किती? तिसरा प्रश्न राहून जातो. तिच्यासमोरच्या दाताचं काय? आज या टोपीचा इतिहास सांगतो, म्हणजे हा प्रश्न का विचारायचा ते कळेल.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये, 1774 च्या सुमारास. पॅरिसजवळ अलेक्सी द्युशातो नावाचे औषधविक्रेते होते. त्या काळी कवळ्या हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दातांच्या करत. त्या डागाळत आणि त्यांना वास येई. औषधाच्या चिनी मातीच्या भांड्यांना मात्र ना डाग, ना वास. मग कवळीच चिनी मातीची का करू नये? पण माती भट्टीत आकसते, हे आपल्या कुंभारवाड्यातही सगळ्यांना ठाऊक असतं. कवळी मापात बसेना. शेवटी निकोला द्युबुआ द शेमां या दंतवैद्यांनी ते काम पुढे नेलं. पुढे ते लंडनला गेले आणि तिथे वेजवूड यांच्या कारखान्यातून माती घेऊन कवळ्या करू लागले.

ही झाली कवळी. स्वतःच्या दातावर चढवायची चिनी मातीची टोपी आली अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात. चार्ल्स लँड या दंतवैद्यांनी 1880 नंतरच्या दशकात प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर माती भाजून ती घडवली. (1927 साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव.) टोपी दिसायला सुंदर, पण दाढेच्या जोरापुढे तडकायची. म्हणून दाढांना बरीच वर्षं सोन्याचीच टोपी चांगली मानली जाई. सोनं मऊ असतं, ते समोरच्या दाताला फारसं खात नाही.

मग आत धातू आणि वर चिनी माती अशी जोडी करायचं ठरलं. अडचण अशी की थंड होताना दोन्ही सारखे आकसत नाहीत, मग वरचा थर तडकतो. धातूच्या बरोबरीने आकसणारी माती तयार झाली आणि तिचं पेटंट 1962 मध्ये मिळालं. पुढे 1965 मध्ये इंग्लंडच्या मॅक्लीन आणि ह्यूज यांनी मातीत ॲल्युमिना मिसळून धातूशिवायची टोपी बळकट केली.

टोपी टिकू लागली, तसा समोरच्या दाताचा त्रास डोळ्यांत भरू लागला. दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, तसंही झिजतंच. दाढेचं साधारण वर्षाला 0.03 मिलीमीटर. पण चिनी मातीवरची चकाकी उडाली किंवा घासली गेली की आतला खरखरीत भाग उघडा पडतो आणि समोरच्या दाताला कानशीसारखा घासतो. इनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही.

अशात झिरकोनिया आलं. या पदार्थाचा शोध 1789 मध्ये बर्लिनचे रसायनतज्ज्ञ क्लापरोथ यांनी श्रीलंकेच्या खड्यांतून लावला होता. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचा एक गुण जगापुढे मांडला. यात चीर पडू लागली की भोवतालचे कण फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. साध्या चिनी मातीपेक्षा झिरकोनिया सुमारे दहा पट ताकदीचं. साधारण 2010 पासून अख्खी टोपीच त्याची होऊ लागली, तेव्हा दंतवैद्यांना धास्ती वाटली की एवढी कठीण वस्तू समोरचा दात खाऊन टाकील.

तपासण्या झाल्या, तेव्हा उलटंच दिसलं. नीट पॉलिश केलेलं झिरकोनिया समोरच्या दाताला चिनी मातीपेक्षा कमी झिजवतं. खरखरीत ठेवलं, तर मात्र झिजवतं.

मैत्रिणींनो, हे आपल्या आज्यांना नवीन नव्हतं. जातं कितीही कठीण दगडाचं असलं, तरी गुळगुळीत झालं की दळत नाही. म्हणून तर त्याला टाकी लावून घेत. दळण्याचं काम दगडाच्या कठीणपणापेक्षा त्याच्या खरखरीतपणावर चालतं. तोंडात आपल्याला टाकी न लावलेलं जातं हवं.

म्हणून टोपी बसवताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. समोरचा दात कसा आहे, स्वतःचा की टोपीचा? उंच लागते म्हणून टोपी घासली, तर ती पुन्हा पॉलिश केली का? रात्री झोपेत दात खायची सवय असेल, तर त्यावर काय करायचं? आणि टोपी बसवून घरी आल्यावर जिभेला खरखरीत लागली, तर ‘होईल सवय’ म्हणून गप्प बसू नका, परत जा. टोपीसाठी कर्ज काढलं, ते हप्त्याने फिटतं. समोरचा झिजलेला दात कोणत्याच हप्त्याने परत मिळत नाही.