जेकिल बेटावरचं भूत

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याला लागून जेकिल नावाचं बेट आहे. तिथल्या जुन्या क्लबाच्या इमारतीत आता हॉटेल आहे. मी तिथं दोन रात्री राहिलो. १८८८ साली उघडलेला हा क्लब मॉर्गन, रॉकफेलर, पुलित्झर अशा धनिकांचा. १९१० च्या नोव्हेंबरात सिनेटर ऑल्ड्रिच काही बँकवाल्यांना घेऊन, बदकांच्या शिकारीचं निमित्त करून इथं आले आणि मध्यवर्ती बँकेचा आराखडा गुपचूप करून गेले.

आता भुताचं. सॅम्युएल स्पेन्सर हे सदर्न रेल्वेचे अध्यक्ष आणि क्लबाचे सभासद. १९०६ मध्ये आपल्याच रेल्वेच्या अपघातात गेले. ते म्हणे अजून येतात, पाहुण्यांचं वर्तमानपत्र चाळतात, कॉफीही पितात. माझी कॉफी काही कुणी प्यायलं नाही.

पण क्लबाच्या तीस वर्षं आधी, नोव्हेंबर १८५८ मध्ये, याच बेटाला 'वाँडरर' जहाज लागलं होतं. गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती. तरी आफ्रिकेतून सुमारे ४८७ माणसं त्यात कोंबली होती. ४०९ जिवंत उतरली. खटले झाले; माणसं आणल्याबद्दल दोषी कुणीच ठरलं नाही.

१९४७ मध्ये राज्यानं बेट विकत घेतलं. काळ्या लोकांना दक्षिण टोकाचा सेंट अँड्र्यूज किनारा तेवढा १९५० मध्ये मिळाला. वाँडररचं स्मारक तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी मी ते पाहून आलो. वाटेत मेलेल्यांपैकी एकाचंही भूत झाल्याची गोष्ट मात्र हॉटेलात मला कुणी सांगितली नाही.