कान घडविणारी यंत्रे : श्रवणशिक्षणातील संगणकाचा इतिहास आणि गांधाराचा प्रश्न

संगीताच्या विद्यार्थ्याचा कान तयार करणे हे काम पूर्वापार गुरूने करावयाचे, असे मानले गेले. स्वर ऐकविणे, तो ओळखावयास लावणे, चुकल्यास पुन्हा ऐकविणे, ह्या कामातील कष्टाचा भाग मोठा आणि कंटाळवाणा असतो. तो यंत्राकडे सोपवावा ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रुजू लागली आणि संगणक विद्यापीठांत येताच तिने मूळ धरले. ह्या घटनेचा वृत्तान्त बहुधा सोयीच्या वाढीचा वृत्तान्त म्हणून सांगितला जातो : यंत्र लहान झाले, स्वस्त झाले, घरोघर पोहोचले. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. यंत्राला कोणता प्रश्न विचारता येतो आणि कोणते उत्तर तपासता येते, ह्यावरून ‘तयार कान’ ह्या शब्दांचा अर्थ प्रत्येक टप्प्यावर ठरत गेला. तो अर्थ एका विशिष्ट संगीतासाठी ठरला होता. तीच साधने निराळ्या संगीताच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली तेव्हा काय झाले, हा प्रश्न हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही.

वेळेच्या बचतीचा युक्तिवाद मात्र यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे. अकराव्या शतकात अरेत्सोच्या ग्विदो ह्या इटालियन साधूने सहा अक्षरांची स्वरनामे योजून गायक मुलांना शिकविण्याची पद्धती घातली. बंधू मायकेल ह्याला लिहिलेल्या पत्रात, पूर्वी ज्याला दहा वर्षे लागत ते आता एका, फार तर दोन वर्षांत साधेल, असा विश्वास त्याने व्यक्त केला आहे. पुढील नऊशे वर्षांत श्रवणशिक्षणाची नवी पद्धती काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हेच आश्वासन निराळ्या शब्दांत दिले. परंतु ग्विदोची मुख्य कसोटी गाण्याची होती. पूर्वी न ऐकलेले गीत चिन्हे पाहून मुलाने गावे, हा त्याच्या पद्धतीचा हेतू होता. ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी, कारण पुढे त्याचेच नाव एका निराळ्या कसोटीला मिळाले.

यंत्राचा पहिला शिरकाव शिक्षणात नव्हे, परीक्षेत झाला. आयोवा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर ह्यांनी १९१९ मध्ये ध्वनिमुद्रिकांवर संगीतक्षमतेच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. एकामागून एक दोन नाद वाजत. दुसरा पहिल्याहून उंच की खालचा, एवढेच विद्यार्थ्याने कागदावर नोंदवावयाचे असे. जेम्स मर्सेल ह्यांनी ह्या चाचण्यांवर कठोर टीका केली. सुटा नाद ओळखण्याची शक्ती म्हणजे संगीताची समज नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते. तरीही सीशोरांच्या चाचणीचा साचा टिकला. ध्वनी यंत्राने द्यावा, उत्तर ठराविक पर्यायांतून यावे आणि त्याची मोजणी व्हावी, हा तो साचा होय.

१९५४ पासून बी. एफ. स्किनर ह्यांच्या लेखनामुळे क्रमान्वित अध्ययनाची लाट उसळली. विषयाचे बारीक तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यानंतर उत्तर मागावे आणि ते बरोबर की चूक हे ताबडतोब कळवावे, ही तिची रीत. ओहायो स्टेट विद्यापीठात चार्ल्स स्पोन ह्यांनी स्वरांतरांच्या अभ्यासासाठी ध्वनिफीत वापरली. जेम्स कार्लसन ह्यांनी स्वरावली ऐकून लिहिण्याचा स्वाध्यायग्रंथ फितींसह १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. येथे विद्यार्थी आपले उत्तर आपणच तपासून पाही. फीत बोलू शके, ऐकू शकत नसे.

ऐकणारे यंत्र बनविण्याचा प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठात वोल्फगांग कून आणि रेनॉल्ड ऑल्व्हिन ह्यांनी केला आणि १९६७ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आय.बी.एम. १६२० ह्या संगणकाला त्यांनी आवाजातील स्वराची उंची मोजणारे उपकरण जोडले. विद्यार्थ्याने स्वरलिपी पाहून गावे, उपकरणाने त्याचा आवाज मोजावा, संगणकाने अपेक्षित स्वराशी ताडून पाहावा आणि पुढील पाठ कोणता द्यावयाचा ते ठरवावे, अशी ती योजना होती. संगणकाच्या साहाय्याने संगीत शिकविण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. आणि त्याने गळ्यालाच हात घातला, ही विशेष गोष्ट होय. ग्विदोची कसोटी त्यात जिवंत होती.

परंतु हा मार्ग पुढे काही काळ मागे पडला. गाणाऱ्या आवाजाची उंची क्षणोक्षणी विश्वासार्हपणे मोजणे त्या काळी अवघड आणि खर्चाचे होते. त्याउलट, ध्वनी निर्माण करणे आणि पडद्यावरील खुणेला झालेला बोटाचा स्पर्श टिपणे सोपे होते. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही शिक्षणासाठीची संगणकव्यवस्था सुरू झाली होती. तिच्या १९७२ मधील चौथ्या आवृत्तीला प्लाझ्मा पडदा आणि स्पर्श ओळखणारे पटल लाभले. शेर्विन गूच ह्यांनी तिच्यासाठी चार स्वर एकदम वाजविणारे संश्लेषक यंत्र तयार केले. ह्या साधनांवर संगीताचे पाठ उभे राहिले, जी. डेव्हिड पीटर्स ह्यांनी इलिनॉय येथे वाद्यशिक्षणाच्या अंगाने ते काम केले.

ह्याच व्यवस्थेवर डेलावेअर विद्यापीठात फ्रेड हॉफस्टेटर ह्यांनी श्रवणशिक्षणाची जी आज्ञावली रचली, ती ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची कृती मानावयास हरकत नाही. १९७५ मध्ये त्यांनी तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘ग्विदो’ अशी जुळत. हा योगायोग अर्थातच घडवून आणलेला होता. स्वरांतरे, स्वरावली, स्वरसंघ, स्वरसंघांच्या मालिका आणि लय, असे तिचे पाच विभाग होते. संगणक वाजवी, विद्यार्थी पडद्यावरील नावाला अथवा रेखाटलेल्या पेटीच्या पट्टीला बोट लावून उत्तर देई, उत्तराची नोंद होई. पायऱ्या चढत्या होत्या आणि एक पायरी पुरेशा अचूकतेने ओलांडल्याखेरीज पुढली खुली होत नसे. वर्गात वीस जणांना एकच उदाहरण एकाच गतीने ऐकावे लागते. येथे प्रत्येकाला आपल्या गतीने आणि शिक्षकाच्या नजरेआड चुकण्याची मुभा मिळाली. ह्या मुभेचे मोल कमी लेखू नये. चारचौघांत चुकीचा स्वर सांगण्याच्या भीतीने गप्प बसणारे विद्यार्थी प्रत्येक संगीतवर्गात असतात.

हॉफस्टेटर ह्यांचे खरे कर्तृत्व मात्र त्या नोंदींत आहे. १९७८ मध्ये स्वरसंघमालिकांच्या, १९८० मध्ये स्वरसंघांच्या प्रकारांच्या आणि १९८१ मध्ये लयीच्या श्रुतलेखनासंबंधी त्यांनी निबंध प्रसिद्ध केले. विद्यार्थी कोणत्या गोष्टीला कोणती समजतो, चुकांना काही निश्चित आकृतिबंध असतो काय, हे त्यांनी साठलेल्या उत्तरांवरून तपासले. अनुभवी शिक्षकाला अशा गोष्टी अंदाजाने ठाऊक असतात; परंतु अंदाजाचे रूपांतर तपासता येण्याजोग्या पुराव्यात होणे, ही यंत्राने संगीतशिक्षणाला दिलेली निःसंशय देणगी होय.

तथापि नाव घेतले ग्विदोचे आणि कसोटी बदलली. मूळ ग्विदोच्या विद्यार्थ्याने चिन्हावरून आवाज काढावयाचा होता. डेलावेअरच्या विद्यार्थ्याने आवाजावरून चिन्ह दाखवावयाचे होते. श्रुतलेखन हा श्रवणशिक्षणाचा प्रतिष्ठित भाग आहे, ह्यात वाद नाही. परंतु ह्या आज्ञावलीत तोच भाग पूर्ण विषय होऊन बसला आणि त्याचे कारण संगीतशास्त्रात नसून स्पर्श ओळखणाऱ्या पटलात होते.

१९८३ मध्ये ‘मिडी’ हा वाद्ये व संगणक जोडणारा सर्वमान्य संकेत प्रसिद्ध झाला आणि ही दिशा पक्की झाली. ह्या संकेतात स्वर म्हणजे ० ते १२७ पैकी एक क्रमांक. मधला षड्ज धरावा तो पियानोचा मध्य ‘सी’ म्हणजे ६०. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, हे तो सांगतो. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर त्यात अशक्य नाही. परंतु तो मूळ क्रमांकापासून केलेले विचलन म्हणून निराळा कळवावा लागतो. ह्या पायावर पुढील दशकांत घरगुती संगणकांसाठी श्रवणशिक्षणाच्या अनेक आज्ञावली निघाल्या आणि जगभर पसरल्या. पियानोची पट्टी हे त्यांचे गृहीत होते. ते इतके स्वाभाविक वाटे की त्याची वाच्यता करण्याचीही गरज कोणास भासली नाही.

येथे भारतीय वाचकाला एक जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. सप्तकाचे १२०० समान भाग करून स्वरांतरे मोजण्याची ‘सेंट’ पद्धती अलेक्झांडर एलिस ह्यांनी १८८५ मध्ये रूढ केली. त्या मापाने पियानोचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर असतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटांवर. चौदा सेंटांचा हा फरक सवयीच्या कानाला स्पष्ट कळतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ पुण्यात छापला, ई. क्लेमेंट्स ह्या सनदी अधिकाऱ्याने त्यांच्या विचाराचा पुरस्कार केला आणि त्यातून श्रुतिपेटी निघाली. १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत तीवरून वाद झाला. भातखंड्यांना त्या पेटीमागील सिद्धान्त मान्य नव्हता. पुढे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीवर जो आक्षेप होता, तोच पियानोच्या पट्टीवर बेतलेल्या आज्ञावलीवर घेता येईल. किंबहुना येथे तो अधिक गंभीर ठरतो. पेटी गायकाच्या सोबतीस बसते, त्याला गुण देत नाही. आज्ञावली ४०० सेंटांच्या गांधाराला ‘बरोबर’ म्हणते आणि विद्यार्थ्याची पुढची पायरी त्यावर ठरविते.

परंतु ह्यावरून ३८६ हा आकडा आज्ञावलीत घातला की प्रश्न सुटला, असे मानणे म्हणजे देवलांचीच वाट पुन्हा चालणे होय. १९६३ मध्ये नझीर जैराजभाय आणि ए. डब्ल्यू. स्टोन ह्यांनी उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या प्रत्यक्ष वादन-गायनातील स्वर मोजून पाहिले. यमनमधील गांधार एका कलावंताचा एके ठिकाणी तर दुसऱ्याचा दुसऱ्याच ठिकाणी आढळला; एकाच कलावंताकडेही तो सदैव एका बिंदूवर स्थिर राहत नाही, असे दिसले. मार्क लेव्ही ह्यांच्या १९८२ मधील अभ्यासातूनही कोणत्याही एका ठराविक स्वरमालेला दुजोरा मिळाला नाही. बारा पट्ट्यांची मोजपट्टी जशी अपुरी, तशी बावीस खुणांचीही अपुरीच. कलावंत बेसूर होते असा ह्याचा अर्थ कोणी लावणार नाही. मोजण्याची वस्तू बिंदू नसून विस्तार आहे, एवढाच तो निष्कर्ष.

ह्या निष्कर्षाला साजेसे साधन १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेल ह्यांनी बनविले. त्यांचा स्वरगती-विश्लेषक गायनाची उंची काळाबरोबर बदलणाऱ्या अखंड रेषेच्या रूपाने दाखवी. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये त्यावर संशोधन झाले. कून आणि ऑल्व्हिन ह्यांच्या उपकरणाचा प्रश्न ‘स्वर लागला काय’ हा होता. येथे प्रश्न ‘स्वर कसा गेला’ असा झाला. पुढे तंबोरा आणि पेटी सोबत वाजत असतानाही गायकाचा स्वर वेगळा काढण्याच्या पद्धतींवर मुंबईच्या आय.आय.टी.त प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध झाले. बार्सिलोना येथे झाव्हिएर सेरा ह्यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पाने हिंदुस्थानी व कर्नाटक संगीत हे स्वतंत्र अभ्यासविषय मानले. आज खिशातील दूरध्वनीवर, विद्यार्थ्याने निवडलेल्या षड्जाला धरून, त्याच्या आवाजाची रेषा गुरूच्या रेषेशेजारी उमटविणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. जे काम १९६७ मध्ये एका खोलीभर यंत्राने मोठ्या कष्टाने केले, ते आता कोणासही करता येते.

तरीही साच्याचा मोह सुटलेला नाही. रेषा दाखविणे आणि तिला शंभरापैकी गुण देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. गुण द्यावयाचे म्हणजे किती सेंटांपर्यंतची चूक क्षम्य, हे आधी ठरवावे लागते. भूपातील स्थिर गांधाराला जी मर्यादा योग्य, ती दरबारीतील आंदोलित कोमल गांधाराला लावली तर उत्तम गायकही नापास होईल. आंदोलन सामावून घेईल इतकी मर्यादा सैल केली तर भूपातला कणसूर गांधारही उत्तीर्ण होईल. मर्यादा रागागणिक, स्वरागणिक आणि स्वराच्या पूर्वापर संबंधागणिक बदलावयास हवी. ती कोणी ठरविली आणि कोणत्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांवरून, हे आज्ञावली वापरणाऱ्या शिक्षकाला कळले पाहिजे.

हॉफस्टेटर ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या चुकांचे विश्लेषण अभ्यासकांपुढे ठेवले होते. आताच्या व्यावसायिक आज्ञावलींकडे जमणाऱ्या नोंदी बहुधा त्यांच्या निर्मात्यांकडेच राहतात. ख्याल शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी कोणत्या स्वरावर आणि कोणत्या स्वरसंगतीत चुकतो, तंबोरा बंद केल्यावर त्याचा गांधार पेटीकडे सरकतो काय, हे त्या नोंदींवरून तपासता येईल. त्यासाठी विद्यापीठांतील संगीत विभागांनी विद्यार्थ्यांच्या संमतीने स्वतःच अशा नोंदी ठेवावयास आरंभ केला पाहिजे. त्याला लागणारे सामान एक तंबोरा, एक ध्वनिग्राहक आणि एक साधा संगणक एवढेच आहे.