परक्या मज्जेची गोष्ट

रक्ताचा धडा शिकवताना हाडांच्या पोकळीतल्या मऊ, लालसर मज्जेचा उल्लेख आपण करतो आणि 'रक्तपेशी येथे तयार होतात' एवढे सांगून पुढे सरकतो. या मज्जेत थोड्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सारे आयुष्यभर त्यांच्यापासूनच बनत राहते. रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग ही रोगट मज्जा किरणांनी मारून टाकावी आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेतून द्यावी, असे का करू नये?

अणुबाँबनंतरच्या काळात किरणांच्या परिणामांवर पुष्कळ संशोधन चालू होते. १९४९ साली जेकबसन यांना दिसले, की उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर मारक मात्रेतील किरणांनंतरही तो जगतो. १९५१ मध्ये लॉरेन्झ यांनी मज्जा टोचून तोच परिणाम साधला.

पुढचा प्रयोग आम्हाला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९५६ साली इंग्लंडमधील हार्वेल येथे बार्न्स आणि सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर किरणांचा मारा केला. काही उंदरांना त्यांच्याच वाणाची मज्जा दिली, तर काहींना परक्या वाणाची. आपल्या वाणाची मज्जा मिळालेल्यांत कर्करोग परतला. परकी मज्जा मिळालेल्यांत तो परतला नाही, पण ते उंदीर हगवण लागून, खंगून मेले. परक्या मज्जेतल्या पेशी कर्करोगावर हल्ला करत असाव्यात, अशी शंका या मंडळींनी तेव्हाच लिहून ठेवली. मात्र जी मज्जा रोग्याचाच बळी घेते, तिला औषध कोण म्हणणार?

माणसांवरचे प्रयोग अमेरिकेत डोनल टॉमस यांनी सुरू केले. १९५७ मध्ये त्यांनी सहा रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी कोणीही फार काळ जगले नाही. १९५९ मध्ये दोन रोग्यांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली. ती छान रुजली, पण काही महिन्यांतच कर्करोग परतला. हार्वेलच्या उंदरांतही हेच घडले होते! १९७० पर्यंत जगभरातल्या सुमारे २०० रोपणांचा आढावा निघाला, तो वाचवत नाही असाच होता. बहुतेकांनी हा नाद सोडला. टॉमस यांनी सोडला नाही. सिअ‍ॅटलमध्ये ते कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले आणि ऊतकांची जुळणी नीट तपासली तर रोपण टिकते, हे त्यांनी दाखवले. १९७७ मध्ये त्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या १०० रोग्यांचा अहवाल दिला. त्यांत १३ जण रोगमुक्त होते. आकडा लहान दिसतो, पण या शंभरांसाठी दुसरा उपायच उरला नव्हता. १९९० मध्ये टॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिअ‍ॅटलला त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अस्थिमज्जा रोपण सुरू केले.

दरम्यान १९७९ साली सिअ‍ॅटलच्याच वायडन आणि सहकाऱ्यांनी २४२ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. दात्याच्या पेशींनी ज्यांची त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला केला होता, त्यांच्यात कर्करोग कमी परतला होता. म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीची उंदरांची साक्ष खरी होती. किरण आणि औषधे कर्करोगाच्या सगळ्या पेशी मारत नव्हती. उरलेल्या पेशी दात्याच्या टी पेशी टिपत होत्या. ज्या उपद्रवाला डॉक्टर इतकी वर्षे आवर घालू पाहत होते, त्यातच उपचाराचा एक भाग दडलेला होता. १९९० मध्ये जर्मनीत कोल्ब यांनी रोपणानंतर रोग उलटलेल्या तिघांना नवी मज्जा न देता दात्याच्या फक्त पांढऱ्या पेशी दिल्या, आणि रोग हटला.

मग परक्या पेशी हव्यातच कशाला? रोग्याच्याच टी पेशींना कर्करोग ओळखायला शिकवता येईल. १९८९ मध्ये इस्रायलचे झेलिग एशार यांनी टी पेशीवर प्रतिपिंडाचा पकडणारा भाग बसवून दाखवला. २०१२ साली फिलाडेल्फियात एका लहान मुलीला अशा पेशी दिल्या गेल्या. तिला इतका ताप चढला, की ती दगावणार असे वाटले. रक्तात इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन भयंकर वाढले होते. त्याला अडवणारे संधिवाताचे एक औषध उपलब्ध होते. ते देताच ती सावरली आणि तिचा कर्करोग गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत या 'कार-टी' उपचाराला मान्यता मिळाली. या पेशी बी पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतात. त्यात निरोगी बी पेशीही मरतात, हे इथे सांगायला हवे.

पवईच्या आय.आय.टी.ने टाटा स्मारक केंद्राबरोबर विकसित केलेल्या 'नेक्सकार-१९'ला २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. त्याचा खर्च परदेशी उपचाराच्या सुमारे दहावा हिस्सा असल्याचे तेव्हा सांगितले गेले. तो दहावा हिस्साही काही लाख रुपयांचा आहे.