किनाऱ्याला वळसा घालून जाणारं विमान

साल १९५८. चिंचणीच्या वाळूवर तुम्ही उभे आहात. दक्षिणेला अणुवीज केंद्र नाही. त्याची वीज १९६९ साली येईल. बोईसरला एमआयडीसीचा पत्ता नाही. पालघर ठाणे जिल्ह्यात आहे आणि ठाणे जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात.

समोरच्या समुद्रावरून, खूप आतून, एक विमान दमणला चाललं आहे. ते तुम्हाला दिसणार नाही. भारताच्या हद्दीत शिरायचं नाही म्हणून ते लांबून जातं.

आता त्याच विमानात बसा. लहानसं हेरॉन, चार इंजिनांचं, जेमतेम पंधरा माणसांचं. कंपनी पोर्तुगीज सरकारची, लघुनाम टीएआयपी. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांपासून मुक्त झाली; त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि भारताने सीमा बंद केली. गोवा, दमण, दीव एकमेकांपासून तुटले. याच सुमारास हवेतून धागा जोडायचा म्हणून दाबोळी, दमण आणि दीवला धावपट्ट्या झाल्या. विमान पुढे कराचीपर्यंत जाई.

शेजारच्या बाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्यात. तुम्ही विचारता, कुठे निघालात? "म्हजो पूत कराचेंत आसा," त्या म्हणतात. गोव्याची कितीतरी कुटुंबं कराचीत आहेत. साम्राज्याचा हट्ट लिस्बनमधल्या हुकूमशहा सालाझारचा. त्याचा वळसा मात्र या आईला पडतो. या विमानाचा विचार करताना मला राग आधी येत नाही, ती आधी आठवते.

उजव्या खिडकीशी सरका. धुक्यामागे केळवं, सातपाटी, तारापूर. तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचाच होता. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. ज्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची ठाणी होती, तो आता त्यांच्या वैमानिकाला लांबूनच ओलांडावा लागतो.

दमणगंगेचं मुख आलं. दोन काठांवर मोटी दमण आणि नानी दमण. इथल्या कचेरीत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या खटल्याची आशा आहे: नगर हवेलीकडे जायला वाट मिळावी, असा पोर्तुगालचा दावा. तुम्हाला निकाल ठाऊक आहे. १९६० साली न्यायालय खासगी माणसांचा आणि मुलकी अधिकाऱ्यांचा हक्क मान्य करील, सैन्याचा नाही. आणि भारताने कर्तव्य मोडलं नाही, असंही सांगेल. तिथे कुणाला काही सांगू नका.

१८ डिसेंबर १९६१. भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमानं दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकतात. रात्री त्याच फुटक्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज विमानं कराचीकडे निसटतात. त्यांतलं एक टीएआयपीचं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त होतो आणि कंपनी संपते.

दाबोळी भारतीय नौदलाकडे गेली. आणखी दोन दशकं पुढे या: ऐंशीच्या दशकाचा मध्य. त्याच ठिकाणी जर्मनीच्या कोंडोर कंपनीचं चार्टर उतरतंय आणि थंडीला कंटाळलेली माणसं ऊन शोधत बाहेर पडताहेत. काही गोंयकार निदर्शनं करतात, पाणी आणि किनारा कुणाचा, असं विचारतात. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण खोली भाड्याने देऊन घर चालवणारेही गोंयकारच, आणि तेही या विमानाची वाट पाहत असतात.