अमेरिकेत कंत्राटी कर्मचाऱ्यांना कोविड लस सक्तीची होती का?

हे कामाच्या जागेवर ठरले. ९ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी लससक्तीचा आदेश काढला. घरून काम करणारेही त्यात धरले गेले! ७ डिसेंबरला जॉर्जियातील फेडरल न्यायालयाने तो देशभर रोखला. सरकारी खरेदीच्या १९४९ च्या कायद्यातून एवढा अधिकार मिळत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

मेडिकेअर-मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतील सक्ती मात्र १३ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू ठेवली. तीत कंत्राटी माणसेही होती. म्हणजे कंपनीने स्वतः सक्ती केली नसेल, तर सरकारी कार्यालयातला कंत्राटी सफाई कामगार सुटला. रुग्णालयातल्याला लस घ्यावी लागली किंवा वैद्यकीय, धार्मिक कारणाने सूट मागावी लागली. दोन्ही नियम २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.