माळव्याचे सोयाबीन आणि ई-चौपालचा जन्म
विंध्याच्या कडेवर वसलेल्या मांडूपासून ईशान्येस देवासपर्यंत पसरलेली माळव्याची काळी जमीन सोयाबीनसाठी प्रसिद्ध आहे. वाढत्या कंपन्या संगणकाकडे का वळतात, याचे एक बोलके उदाहरण याच मुलखातील शेतमाल-खरेदीत सापडते.

१ जानेवारी २००० रोजी धार जिल्हा प्रशासनाने ‘ज्ञानदूत’ सुरू केले. गावोगावच्या सूचनालयांतील संगणकांवर बाजारभाव, दाखले व तक्रारनोंदणी उपलब्ध झाली. त्याच वर्षी त्यास स्टॉकहोमचा पुरस्कारही लाभला. मात्र वीज आणि दूरध्वनीच्या तारा यांनी त्याची वारंवार परीक्षा पाहिली.

जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातच सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ आरंभिली. तिची अडचण वेगळी होती. खरेदी वाढत होती, पण मालाचा दर्जा, भाव व शेतकरी यांची माहिती अडत्यांच्या हाती होती. अडत्या कंपनीचा प्रतिनिधी खरा. तथापि भावातील फरक तो स्वतःकडे ठेवू शके, आणि दूर कोलकात्यातील मुख्यालयास ते कळणे कठीण. उलाढाल मोठी झाली की मालकाची नजर पुरत नाही. हिशेबवह्या उशिरा पोहोचतात.

नव्या व्यवस्थेत आदल्या दिवशीच्या मंडीतील भावांवरून कंपनी दर ठरवी व तो संगणकाद्वारे गावातील ‘संचालका’कडे पाठवी. संचालक हा त्याच गावचा शेतकरी असे. संगणक त्याच्या घरी असे आणि तो गावासमोर शपथ घेई. यंत्रावरील विश्वासाला गावाच्या भिडेचा हा आधार उल्लेखनीय आहे. शेतकरी माल कंपनीच्या केंद्रावर नेई. तेथे इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होऊन पैसे मिळत. विजेच्या खोळंब्यावर सौर पट्ट्या आणि तारांच्या दुरवस्थेवर उपग्रहजोडणी हे उपाय योजण्यात आले. एवढा खर्च कंपनीने सोसला, कारण त्यातून खरेदीची सूत्रे तिच्या हाती येत होती.

अडत्या मात्र नाहीसा झाला नाही. रोख रक्कम, वाहतूक आणि माणसांची पारख यांचे त्याचे ज्ञान संगणकात मावणारे नव्हते. म्हणून त्यास ‘संयोजक’ नेमण्यात आले. मंडीबाहेरच्या खरेदीसाठी राज्याला बाजार समितीच्या नियमांत वाट करून द्यावी लागली. शेतकऱ्यास घरबसल्या भाव कळू लागला. मात्र तो भाव ठरविण्याचे काम मुख्यतः कंपनीकडेच राहिले. लिलावात बोली लावणारे अनेक असतात, येथे ग्राहक एकच होता. मंडीचा रस्ता खुला असल्याने शेतकऱ्यास नकार देता येई, हेच त्याचे खरे बळ होते.