दोरीवरचा ताळेबंद

माणसाने कपडे घालायला नेमकी केव्हा सुरुवात केली, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण ते धुऊन वाळत घालायची पाळी त्याच्यावर लगेचच आली असणार, याबद्दल आमच्या घरात तरी एकमत आहे.

आधी झुडूप, कुंपण, नदीकाठचा खडक, मग दोरी. आपल्याकडे तिच्या जोडीला छताला टांगलेली बांबूची दांडी. सोवळ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून ते काठीने दांडीवर चढवायचे. गरम हवा वर जाते हे शास्त्र कुणी सांगितले नव्हते. सोवळे पाळता पाळता ते आपोआप पाळले गेले.

दोरीवरचा कपडा वाऱ्याने उडून शेजारी जाई आणि परत आणताना दोन शब्द ऐकावे लागत. त्यावर १८५३ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या डेव्हिड स्मिथ यांनी स्प्रिंगच्या चिमट्याचे पेटंट घेतले. मात्र तिकडच्या हिवाळ्यात ओला शर्ट दोरीवर गोठून फळीसारखा कडक होतो. नॉर्थ डाकोटाच्या रॉस मूर यांनी कपडे वाळवायचे यंत्र रचले. १९३८ साली ते बाजारात आले आणि त्याचे नाव ठेवले ‘जून डे’! तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन. आपल्याकडे या नावाने यंत्र विकायला काढले, तर गिऱ्हाईक आधी छत्री शोधेल.

आता बँकवाल्याच्या सवयीने हिशोब. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट लागते. पिळलेल्या धुण्यात तीन लिटर पाणी उरले, तर झाली दोन युनिटे. यंत्राची स्वतःची उधळपट्टी वेगळी. दोरीवर हीच उष्णता ऊन-वारा पुरवतात, तीही विनातारण आणि बिनव्याजी.

एवढे असूनही अमेरिकेत दोरी बदनाम झाली. यंत्र आले, तशी दोरी ही गरिबीची खूण ठरली. दिसणाऱ्या दोरीने घरांच्या किमती उतरतात, म्हणून कित्येक वसाहतींनी तिच्यावर बंदी घातली. शेवटी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००८ साली असली बंदी उठवली. २००९ साली व्हरमाँटनेही तसाच कायदा केला. ज्या राज्याने चिमटा दिला, तिथेच तो लावण्याच्या हक्कासाठी विधिमंडळ बसवावे लागले!

दोरी चहाडखोर असते, हे मात्र खरे. चाळीच्या गॅलरीत दुपटी दिसली की लेक बाळंतपणाला आली, हे समोरच्या बिऱ्हाडाला न सांगता कळे. पगार किती, हे साहेबाच्या सहीपेक्षा बनियनची भोके जास्त खरे सांगतात. माणसाला वीज जाळणे परवडते, भोके दाखवणे परवडत नाही. ऊन फुकटच असते हो, महाग पडते ती लाज.

हे सगळे तिकडचे म्हणून हसावे, तर आता आपल्याकडच्या उंच इमारतींतूनही तेच वारे आहे. आमच्या सोसायटीचे परिपत्रक परवाच आले : बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. पावसात भिजून लगदा झालेले ते परिपत्रक सौ.ने दोन चिमटे लावून बाल्कनीतल्या दोरीवर टाकले आहे.

वाळले, की वाचू म्हणते.